अभ्यासपाठ : पाठवण्याआधी काय गाळावं, काय गाळू नये

।। श्री गुरुदेव दत्त ।।



आपल्या पत्रिकेकडे दर आठवड्याला भक्तांचे अनुभव येतात, सत्संगाची टिपणं येतात, पोथीतल्या भागांवर लेख येतात. त्यावर हात फिरवून ते गटांत पाठवण्याची सेवा काही ताई-दादा करतात. त्यांच्याकडून एक प्रश्न वारंवार येतो : मजकूर नाजूक असेल तर त्याला कात्री लावायची का? कुणी म्हणतं, "मन दुखेल असं काहीच ठेवू नका." कुणी म्हणतं, "गुरूंच्या दारात लपवाछपवी कशाला? आलंय तसं पाठवा." दोन्ही बाजूंत थोडं थोडं खरं आहे, म्हणून आजचा पाठ यावरच.

सुरुवातीलाच एक सूत्र धरू : *हा मजकूर कुणाचा आहे?* ग्रंथ असेल तर तो ग्रंथकर्त्याचा. प्रवचन गुरूंचं. अनुभव ज्याच्यावर प्रसंग आला त्याचा. आपण फक्त पोचवणारे. कात्री चालवायची की नाही, हे या एका प्रश्नावरून ठरतं.

*१) ग्रंथ : शब्द बदलू नये*

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली पूर्ण झाली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं तिच्या हातानं नकला होत राहिल्या. नक्कल करणाऱ्यानं कुठे अवघड शब्द सोपा केला, कुठे आपल्या पदरची ओवी घातली. बहुतेकांचा हेतू चांगलाच असणार, पण पाठ बिघडत गेला. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी प्रती तपासून ग्रंथ शुद्ध केला. नाथ स्वतः एवढे मोठे कवी. मनात आणलं असतं तर ज्ञानेश्वरीत सहज भर घातली असती. त्यांनी तसं केलं नाही, आणि पुढच्यांनाही बजावून ठेवलं की यात स्वतःची ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात करवंटी ठेवणं. संपादन कसं करावं याचा आपल्या भाषेतला हा मोठा धडा आहे.

आपल्या गुरुचरित्राचंही तसंच. कडगंची ही सायंदेवांची भूमी, आणि ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर त्यांच्याच वंशातले. तरीही घराघरांतल्या पोथ्या सारख्या नाहीत. कुठे ५१ अध्याय, कुठे ५२, कुठे ५३. काही पोथ्यांत गुरुगीता आहे, काहींत नाही. रामचंद्र कृष्ण कामत यांनी अनेक हस्तलिखितं ताडून आवृत्ती तयार केली, ती याच कारणानं. एकानं गाळलेली किंवा घातलेली ओळ शोधायला दुसऱ्याला आयुष्याची वर्षं घालवावी लागतात.

आपल्या शेजारचंच आणखी एक उदाहरण बघा. बसवकल्याण आपल्याला काही लांब नाही. बसवण्णांच्या वचनांच्या शेवटी 'कूडलसंगमदेव' ही नाममुद्रा येते. 'बसव वचन दीप्ती' या पुस्तकात माते महादेवी यांनी तिच्या जागी 'लिंगदेव' घातलं. त्यामागे त्यांची श्रद्धा होती. पण असंख्य भक्तांना तो मूळ वचनाला लागलेला धक्का वाटला. १९९८ मध्ये कर्नाटक सरकारनं पुस्तकावर बंदी आणली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती कायम ठेवली. बंदी योग्य की अयोग्य, यावर जाणकारांत दोन मतं असू शकतात. आपल्यापुरता बोध एवढाच : बदल एका नावाचा होता, आणि वाद वीस वर्षं चालला.

*२) मग पोथीतल्या अवघड भागाचं काय?*

हा प्रश्न घरातल्या लेकी-सुना विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. गुरुचरित्राच्या ३१व्या आणि ३२व्या अध्यायांत पतिव्रतेचे आणि विधवेचे जे आचार सांगितले आहेत, सहगमनाबद्दल जे आलंय, ते आज आपल्यापैकी कुणीही आपल्या मुलीला सांगणार नाही. सांगूही नये. मग गटात पाठवताना तेवढा भाग उडवून द्यावा का?

माझं म्हणणं, उडवू नये. एक तर त्या काळी बाईच्या वाट्याला काय येत होतं हे झाकून जातं. दुसरं म्हणजे कथेचा शेवटच कळत नाही. ती बाई पतीच्या मागे जायला निघालेली असते, आणि श्रीगुरू तिच्या पतीला उठवतात. ती चितेवर जात नाही. आधीचं सगळं कापलं तर कृपा कशातून सोडवते हे वाचणाऱ्याला कसं कळणार? म्हणून मजकूर तसाच ठेवायचा, आणि खाली आपल्या नावानं दोन ओळी स्पष्ट लिहायच्या : हा त्या काळाचा आचार आहे, आज आपण तो पाळत नाही. टीप आपली, ओवी त्यांची. दोन्ही वेगळं दिसलं पाहिजे.

आणि मोठा ग्रंथ थोडक्यात सांगायचा असेल तर? त्याचाही रस्ता टेंबे स्वामींनी घालून दिलाय. त्यांनी गुरुचरित्राचं सार लिहिलं, पण मूळ पोथीत काटछाट करून नाही. 'सप्तशती गुरुचरित्रसार' असं वेगळं नाव देऊन स्वतंत्र रचना केली. हातात घेणाऱ्याला पहिल्या पानावरच कळतं की हे सार आहे. आपणही कथा लहान करून पाठवली तर वर 'संक्षिप्त' हा शब्द घालायचा. गाळल्याचं लपवून पाठवलं की वाचणाऱ्याची फसवणूक होते.

*३) प्रवचनाचं टिपण*

गुरू बोलताना समोर बसलेल्या एखाद्याला उद्देशून काही बोलतात. ते त्या माणसासाठी असतं, चारशे मोबाइलांसाठी नसतं. असं वाक्य पूर्ण गाळावं, आणि तिथे तीन टिंबं द्यावीत. पण अर्धं ठेवून अर्धं बदलू नये. गुरूंचा शब्द कडक वाटला म्हणून त्यांच्या तोंडी आपला मऊ शब्द घालू नये. बोलण्यात कन्नड शब्द आला तर तो तसाच ठेवून पुढे अर्थ द्यावा.

*४) अनुभव : इथे कात्री हवीच*

सायंदेवांची गोष्ट आठवा. यवन अधिकारी दरवर्षी एका ब्राह्मणाला मारतो, आज मला बोलावणं आलंय, ही भीती त्यांनी स्वतः श्रीगुरूंपुढे सांगितली. आणि ती लिहिली त्यांच्याच वंशजानं. घरची गोष्ट घरच्यांनी सांगितली. त्याच्या आधीच्या अध्यायात पोटशूळानं हैराण होऊन नदीत जीव द्यायला निघालेला ब्राह्मण भेटतो. त्याचं नाव कथेत येत नाही. तरी कथेत काही कमी पडतं का? श्रीगुरूंची कृपा आपल्याला पूर्ण समजते.

आता समजा, एक अनुभव असा आला : "आमच्या गल्लीतल्या मास्तरांच्या धाकट्या सुनेला पाच वर्षं मूल नव्हतं, नवरा पितो, घर मोडायला आलं होतं. पारायण केलं आणि सगळं सुरळीत झालं." यात नाव कुठेच नाही. तरी तालुक्यातलं निम्मं गाव ओळखेल. गल्ली, हुद्दा, नातं, वर्षं यांतून माणूस ओळखू येतो. त्या सुनेला कुणी विचारलं होतं का? पुढच्या हळदीकुंकवाला तिनं कुठल्या तोंडानं यायचं?

हाच अनुभव असा लिहिता येईल : "एका कुटुंबावर मोठं संकट होतं. घर तुटायच्या बेतात होतं. त्यांनी पारायण केलं, हळूहळू घर सावरलं." भाव तोच राहिला, आणि कुणी उघडं पडलं नाही. हेही त्या कुटुंबाची परवानगी असेल तरच पाठवायचं.

दुसरी जागा आजाराची. "गोळ्या बंद केल्या आणि तीर्थानं बरं वाटलं" असं वाक्य आलं तर ते जाऊ देऊ नका. ते वाचून कुणी आजोबा साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी सोडतील. लिहिणाऱ्याला फोन करा, नीट विचारा. बहुतेक वेळा औषधही चालू असतं आणि उपासनाही.

"नंतर डिलीट करू" या भरवशावर राहू नका. 'सर्वांसाठी डिलीट' फार तर दोन-अडीच दिवस चालतं, आणि तोवर पुढे गेलेली प्रत परत येत नाही.

*पाठवण्याआधीचे पाच प्रश्न*

१. हा मजकूर कुणाचा? त्यांना विचारलं का?
२. नाव काढूनही माणूस ओळखू येतो का?
३. वाचून कुणी औषध, पैसा किंवा घर धोक्यात घालेल का?
४. गाळलं असेल तर 'संक्षिप्त' किंवा टिंबं दिली का?
५. बदललेला मजकूर लिहिणाऱ्याला परत दाखवला का?

*घरच्या गटात बोलण्यासाठी*

या गुरुवारी आरतीनंतर सगळ्यांनी मिळून १३वा आणि १४वा अध्याय वाचा. मग मुलांना विचारा : आपल्या घरची कोणती गोष्ट दुसऱ्यांना सांगितलेली तुला आवडणार नाही? उत्तर नीट ऐका आणि त्यावर लगेच उपदेश करू नका. त्या उत्तरातूनच दुसऱ्याच्या गोष्टीला किती जपावं हे आपल्याला कळेल.

पुढचे अनुभव पाठवताना वरचे पाच प्रश्न एकदा डोळ्यांखालून घाला, एवढीच विनंती.

।। अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ।। 🙏