कौल मिळाला, मग भांडण कशाचे?

प्रश्न : आमच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव एकमत झाल्याशिवाय निर्णय घेत नाही. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचे की नाही हे मतदानाने ठरवले. बहुमत झाले, तरी पुढे साडेतीन वर्षे गोंधळ चालला, पंतप्रधान बदलले, लोकांचा पुढाऱ्यांवरचा विश्वास उडाला. मतांचा फरक थोडा होता म्हणून असे झाले, की पुढारीच खोटे निघाले?
– एक वाचक, धानोरा

उत्तर : तुमच्या दोन्ही शंकांत तथ्य आहे, पण खरी गाठ तिसरीकडेच आहे.

आधी फरकाचे पाहू. २३ जून २०१६ रोजी ७२ टक्के मतदारांनी मतदान केले. बाहेर पडा म्हणणारे ५१.९ टक्के, राहा म्हणणारे ४८.१ टक्के. आकड्यांत सांगायचे तर १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. आपल्याकडे याहून कितीतरी कमी फरकाने आमदार निवडून येतात आणि हरलेला ते मान्य करून घरी जातो. मात्र आमदार पाच वर्षांनी बदलता येतो, हा निर्णय तसा नव्हता. शिवाय स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिले होते. त्यामुळे सल राहिला हे खरे, पण एवढ्याने संसद ठप्प होत नाही.

आणखी एक गैरसमज म्हणजे हा कौल कायद्याने बंधनकारक होता, असा. तो सल्लावजा होता. पण लोक ठरवतील ते आम्ही अमलात आणू, असे सरकारने घरोघरी पत्रक पाठवून कळवले होते. शब्द दिला होता, आणि पाळायचा तर नेमके काय करायचे, हे कुणी ठरवलेच नव्हते.

खरी गाठ इथे आहे. मतपत्रिकेवर राहायचे की बाहेर पडायचे एवढेच विचारले होते. बाहेर कसे पडायचे, हे विचारले नव्हते. समजा, तुमच्या ग्रामसभेने तेंदूपत्ता ठेकेदाराला द्यायचा नाही एवढेच ठरवले आणि सगळे उठून गेले. काहींच्या मनात गावानेच तोडून विकायचा असेल, काहींच्या मनात दुसरा व्यापारी बोलवायचा असेल, काहींच्या मनात यंदा तोडायचाच नसेल. ठराव एक, अर्थ तीन. हंगाम तोंडावर आला की भांडण ठरलेले.

ब्रिटनमध्ये तेच झाले. युरोपच्या बाजारपेठेत राहून नुसते सदस्यत्व सोडायचे, की सगळेच तोडायचे? आयर्लंड बेटावर ब्रिटनचा उत्तर आयर्लंड आणि स्वतंत्र आयर्लंड यांच्यातल्या सीमेवर पुन्हा तपासणी नाकी उभे करायचे का? १९९८च्या शांतता करारानंतर ती सीमा मोकळी झाली होती. कौल लागताच पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन पायउतार झाले आणि ही उत्तरे शोधायचे काम नव्या पंतप्रधान थेरेसा मे यांच्याकडे आले. त्यांनी युरोपशी केलेला करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. एवढ्या मोठ्या फरकाने तिथल्या सरकारचा आधी कधी पराभव झाला नव्हता. विरोधात कोण होते पाहा. यात पुरते बाहेर पडणे नाही, म्हणून चिडलेले मे यांच्याच हुजूर पक्षाचे खासदार आणि बाहेर पडणेच नको असलेले, दोघे एकाच बाजूला. मार्चअखेर संसदेने आठ वेगवेगळे पर्याय मतास टाकले. एकालाही बहुमत मिळाले नाही.

हे सगळे दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्या माणसाला काय वाटले असेल? बाहेर पडा म्हणणाऱ्याला वाटले, माझे मत गिळून टाकत आहेत. राहा म्हणणाऱ्याला वाटले, मला कुणी विचारतच नाही. मग मे यांच्या जागी पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी ऐन मोक्याला पाच आठवड्यांसाठी संसद तहकूब करवली. २४ सप्टेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायाधीशांनी ही तहकुबी बेकायदा ठरवली. पण त्याच जॉन्सन यांनी डिसेंबरच्या निवडणुकीत ३६५ जागा जिंकल्या आणि ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडले. लोकांना शेवट हवा होता.

आता पुढाऱ्यांच्या खोटेपणाचे. युरोपला आठवड्याला ३५ कोटी पौंड जातात, असे बाहेर पडा गटाने प्रचाराच्या बसवर लिहिले. ब्रिटनला मिळणारी सूट त्यात वजा केली नव्हती आणि तिथल्या अधिकृत सांख्यिकी यंत्रणेने ही दिशाभूल असल्याचे सांगितले होते. दुसऱ्या बाजूने अर्थखात्याने बजावले होते, की बाहेर पडण्याचा नुसता कौल लागला तरी लगेच मंदी येईल. तशी मंदी आली नाही. अतिशयोक्ती दोन्हीकडे होती.

मेंढ्यात हे का होत नाही? एकमत ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधी अभ्यास गट असतो. तिथे माहिती काढायची, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचे, हवे तेवढे बोलायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, आणि एखाद्याचा आक्षेप उरला तर विषय पुढे ढकलायचा. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही रीत वर्षानुवर्षे जपली. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा बांबू किती तोडायचा, कुणी विकायचा, हे ठरवणारे आणि ते करणारे लोक एकच होते. मेंढा सरकार मानत नाही, असेही काहींना वाटते. तसे नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार’ हा त्यांच्या घोषणेचा पहिला भाग आहे, ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ हा दुसरा. जंगलाचा हक्कही त्यांनी सरकारच्याच कायद्याने मिळवला.

पण शंभराच्या आसपास घरांच्या गावाची रीत साडेसहा कोटींच्या देशाला जशीच्या तशी लावता येणार नाही. तिथे एका माणसाच्या आक्षेपावर थांबायचे ठरवले तर काहीच होणार नाही. मतदान लागणारच, आणि तेही नीट करता येते. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात झाले तसे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे, दोन्ही वाटांचा शेवट मतदाराला दिसत होता. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांचे सरकार मतदानाआधीच पायउतार झाले होते. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरले. आणि दोनच महिन्यांनी विधानसभेच्या निवडणुकीत त्याच गोवेकरांनी बांदोडकरांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन परत सत्तेवर बसवले! पुढाऱ्याचे म्हणणे नाकारले, पुढाऱ्याला नाही. मला हा दाखला फार मोलाचा वाटतो.

अभ्यास गटासारखे काही देशपातळीवर होऊ शकते का, असे तुम्ही पुढे विचारालच. ब्रिटनच्या शेजारच्या आयर्लंडने ते केले. गर्भपातावरच्या घटनात्मक बंदीचा प्रश्न तिथे फार नाजूक होता. सरकारने चिठ्ठी टाकावी तसे ९९ सामान्य नागरिक निवडले. २०१६ च्या अखेरीपासून ते शनिवार-रविवारी बसून डॉक्टरांचे, वकिलांचे, दोन्ही बाजूंच्या लोकांचे ऐकत होते. त्यांच्या शिफारशी संसदेच्या समितीने तपासल्या. बंदी उठली तर कोणता कायदा येईल, त्याचा आराखडा सरकारने आधी जाहीर केला आणि मगच २५ मे २०१८ रोजी मतदान घेतले. ६६.४ टक्के लोकांनी बंदी उठवायला होकार दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो कायदा संमत झाला.