कायटोट्रायोसिडेज शून्य, म्हणजे गोशे आजार नाही?

प्रश्न : भाच्याची प्लीहा वाढली आहे. डॉक्टरांना गोशे आजाराची शंका आहे. पण रक्तातले कायटोट्रायोसिडेज शून्य आले. मग आजार नाही असे समजायचे का?

उत्तर : नाही. हे एन्झाइम ‘सीएचआयटी१’ जनुकावरून बनते आणि कायटिन ही शर्करेची लांब साखळी तोडते. कायटिन बुरशीच्या पेशीभित्तीत, कीटकांच्या कवचात असते. आपल्या शरीरात नाही. गोशे आजारात चरबी साठून फुगलेल्या मॅक्रोफेज पेशी हे एन्झाइम प्लाझ्मात भरमसाट सोडतात. १९९४ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांना ते शेकडो पट वाढलेले आढळले. गोम अशी, की अनेक निरोगी माणसांत या जनुकातला २४ अक्षरांचा तुकडा दोनदा आलेला असतो. आई आणि वडील दोघांकडून तशीच प्रत आली, की काम करणारे एन्झाइम बनतच नाही. युरोपीय वंशाच्या सुमारे ६ टक्के लोकांत असे असते, पूर्व आशियात त्याहून बऱ्याच जास्त. त्यांचे सहसा काही बिघडत नाही. बिघडते ती चाचणी! शिवाय सार्कॉइडोसिससारख्या आजारांतही हा आकडा चढतो. तेव्हा गोशे आजारात जे एन्झाइम कमी पडते त्या ग्लुकोसेरेब्रोसिडेजची पातळी आणि ते बनवणारे ‘जीबीए१’ जनुक, या दोन्ही तपासण्यांबद्दल डॉक्टरांशी लवकर बोला.