विद्यार्थी-अर्थसाहाय्य आणि महाविद्यालयीन सेवकांचे प्रशिक्षण

अमेरिकेत गरजू विद्यार्थ्यांना आर्थिक मदत मिळवून देणे हा एक स्वतंत्र व्यवसाय मानला जातो. १९६५ मध्ये तेथे उच्च शिक्षणाचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी हे काम करणाऱ्या महाविद्यालयीन अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. ह्या अधिकाऱ्यास कायद्याने एक महत्त्वाचा अधिकार दिलेला आहे. घरातील कर्ता माणूस आजारी पडला किंवा त्याची नोकरी गेली, तर कागदावरील जुना उत्पन्नाचा आकडा बाजूस ठेवून, कारण नोंदवून, विद्यार्थ्याच्या गरजेचा हिशेब तो नव्याने करू शकतो. साहजिकच त्याच्या प्रशिक्षणाचा पुष्कळसा भाग हा तारतम्य शिकविण्याचा असतो.

भारतात असा व्यवसाय निर्माण झाला नाही. याचा अर्थ येथे मदतच नव्हती असा मात्र नव्हे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उच्च शिक्षणासाठी जो आग्रह धरला होता, त्याचे ते फळ होय. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला वेळेवर मिळालेल्या पैशाचे मोल निराळे सांगावयास नको होते. पुढे १९६१ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती योजना आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती योजना आली. ह्या दुसऱ्या योजनेत शिक्षकी पेशा पत्करणाऱ्यास सेवेच्या प्रत्येक वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ होत असे. योजना उदार होती. परंतु वसुली समाधानकारक न झाल्याने ती कालांतराने बंद पडली. कर्ज म्हणजे काय, ते केव्हा आणि कसे फेडावयाचे, हे अर्जदारास समजावून सांगण्याचे काम नेमून दिलेला माणूस महाविद्यालयात नव्हता. महाविद्यालयाचे काम अर्ज पुढे पाठविण्यापुरतेच होते.

प्रशिक्षणाचा विचार दिल्लीत झाला, तो मुख्यतः वरच्या पायरीवरील अधिकाऱ्यांसाठी. युनेस्कोच्या साहाय्याने १९६२ मध्ये नव्या दिल्लीत शैक्षणिक नियोजक व प्रशासक यांच्यासाठी एक आशियाई केंद्र स्थापन झाले. कोठारी आयोगाने, ज्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडील जे. पी. नाईक हे होते, शिक्षण-प्रशासकांसाठी राष्ट्रीय स्टाफ कॉलेज असावे अशी शिफारस केली. ह्या दोन प्रवाहांतून १९७९ मध्ये ‘नीपा’ ही संस्था आकारास आली आणि २००६ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. प्राचार्य, कुलसचिव, वित्ताधिकारी अशांनी तेथील वर्गांचा लाभ घेतला. परंतु विद्यार्थ्याचा अर्ज प्रत्यक्ष ज्याच्या हातात पडतो, तो लेखनिक ह्या वर्गांपासून दूरच राहिला.

२०१५ मध्ये राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल सुरू झाले आणि ह्या लेखनिकाचे महत्त्व एकाएकी वाढले. अर्ज आता विद्यार्थी स्वतः भरतो. त्याची पहिली पडताळणी महाविद्यालयाचा नोडल अधिकारी करतो. हा अधिकारी बहुधा एखादा प्राध्यापक असतो आणि संगणकापुढे बसणारा असतो कार्यालयातील सेवक. दोघांचीही मूळ कामे वेगळी असतात. त्यांना गरजेचा हिशेब बदलता येत नाही, मर्यादा शिथिल करता येत नाही. तेव्हा त्यांच्या हाती निर्णय असा काही नाहीच, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. ती समजूत चुकीची आहे, आणि प्रशिक्षणाचा आरंभ येथूनच केला पाहिजे.

पडताळणी करणाऱ्यापुढे तीन वाटा असतात. अर्ज मान्य करता येतो, सदोष ठरवून विद्यार्थ्याकडे दुरुस्तीसाठी परत पाठविता येतो किंवा नामंजूर करता येतो. सदोष अर्ज मुदतीत दुरुस्त करून पुन्हा सादर होऊ शकतो. नामंजूर झालेल्या अर्जाचा मार्ग त्या वर्षापुरता खुंटतो. उत्पन्नाचा दाखला मागील वर्षाचा जोडला गेला, नावातील एक अक्षर गुणपत्रिकेशी जुळले नाही, तर हा दोष आहे, अपात्रता नव्हे. घाईत असलेल्या माणसाला दोन्ही कळी सारख्याच वाटतात. कोणती कळ दाबली गेली, यावर एखाद्या मुलीचे वर्ष अवलंबून असते.

दिल्लीत ह्या कामास आणखी एक पेच पडतो. तेथील महाविद्यालयांत देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येतात आणि मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती देण्याची जबाबदारी विद्यार्थ्याच्या मूळ राज्याची असते. नांदेडहून दिल्लीत शिकावयास आलेला विद्यार्थी घ्या. त्याचा दाखला तहसीलदाराने मराठीत दिलेला, त्याचा अर्ज महाराष्ट्राच्या व्यवस्थेत जावयाचा, आणि शुल्क मात्र दिल्लीतील खिडकीवर आजच भरावयाचे. खिडकीमागील सेवकाला देवनागरी अक्षरे वाचता येतात. परंतु महाराष्ट्रातील कोणता दाखला कशासाठी चालतो, हे त्यास कोणी शिकविलेले नसते. ‘तुमच्या राज्यात जाऊन विचारा’ हे उत्तर त्यामुळे मिळते. ते उद्धटपणाचे वाटले, तरी बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी अज्ञानच असते.

पैसा उशिरा येतो आणि शुल्क आधी मागितले जाते, ही ह्या व्यवस्थेतील सर्वांत जुनी व्यथा. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची पुनर्रचना करून केंद्र व राज्य यांच्या खर्चाचे प्रमाण साधारणपणे ६० व ४० असे ठरविले. त्यानंतरच्या नियमांत ‘फ्रीशिप कार्ड’ची तरतूद आली. असे कार्ड असणाऱ्या विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षणशुल्क आगाऊ मागावयाचे नसते. शिष्यवृत्ती हाती आल्यावर त्याने ते भरावयाचे असते. नियम चांगला आहे. परंतु शुल्काच्या खिडकीवरील माणसाला तो ठाऊक नसेल, तर विद्यार्थ्याच्या दृष्टीने तो नियम नसल्यासारखाच आहे. म्हणून प्रशिक्षणवर्गास केवळ शिष्यवृत्ती-विभागातील सेवक बोलावून भागणार नाही. रोखपालालाही बोलाविले पाहिजे.

बँकेच्या खात्याचा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. आधार क्रमांकाच्या आधारे पाठविलेली रक्कम, ज्या खात्यास तो क्रमांक सर्वांत शेवटी जोडलेला असेल, त्या खात्यात जाते. विद्यार्थ्याने दिल्लीत आल्यावर नवे खाते उघडलेले असते आणि तो गावाकडील पासबुक पुनःपुन्हा छापून पाहत असतो. रक्कम आलेली असूनही ‘आली नाही’ अशी तक्रार होते. ही एक गोष्ट जाणणारा सेवक पाच मिनिटांत उलगडा करू शकतो.

सावधगिरी शिकविणे हेही प्रशिक्षणाचे अंग होय. अल्पसंख्याक शिष्यवृत्त्यांच्या चौकशीत तपासलेल्या १,५७२ संस्थांपैकी ८३० संस्था अपहारात गुंतलेल्या आढळल्या आणि २०२३ मध्ये प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविण्यात आले. त्यानंतर नोडल अधिकारी व संस्थाप्रमुख यांची बोटांच्या ठशांवरून ओळख पटविण्याची पद्धत आली. ती आवश्यक होती. मात्र संशयाचे वातावरण खिडकीपर्यंत झिरपले, की खरा गरजूही आरोपीप्रमाणे उभा राहतो. शिष्यवृत्तीधारकांची नावे जातीसह फलकावर लावण्याची प्रथा याच बेफिकिरीतली. एखाद्याचा अर्ज सदोष असल्याचे त्याला एकट्याला कळविता येते. त्यासाठी फलकाची गरज नाही. ‘लाभार्थी’ हा शब्ददेखील अशा ठिकाणी जपून वापरावा, कारण ही रक्कम विद्यार्थ्याच्या हक्काची आहे.

वर्गात शिकविताना नियमांची पुस्तिका वाचून दाखविण्याचा मोह टाळावा. नावे झाकलेले दहा-वीस जुने अर्ज प्रशिक्षणार्थींपुढे ठेवावेत आणि प्रत्येकाने आपला निर्णय कारणासह लिहावा. एकाच अर्जावर दोघांचे निर्णय भिन्न आले, म्हणजे खरी चर्चा सुरू होते. अमेरिकी अधिकाऱ्याचे तारतम्य ते हेच. केवळ त्याचे क्षेत्र येथे अधिक अरुंद आहे.

एक अडचण मात्र वर्गाने सुटणारी नाही. पुष्कळ महाविद्यालयांत हे काम कंत्राटी सेवकाकडे असते. तो नोकरी सोडतो, तेव्हा पोर्टलचा सांकेतिक शब्द आणि ज्यावर पडताळणीचा आकडा येतो तो मोबाइल क्रमांक, दोन्ही त्याच्याबरोबर जातात. नवा माणूस येऊन क्रमांक बदलून घेईपर्यंत पडताळणीची मुदत उलटण्याचा धोका राहतो. यासाठी प्राचार्यांच्या कपाटात एक साधी नोंदवही असावी: कोणत्या योजनेची मुदत केव्हा संपते, कोणाचे अर्ज परत पाठविले आहेत, त्यांपैकी कोण अद्याप आलेले नाहीत. जाणाऱ्याने ती येणाऱ्याच्या हाती द्यावी आणि दोघांनी तीवर सह्या कराव्यात.