परसातील बदके : उडणे कसे रोखावे, जात कोणती निवडावी?

घरापुरती पाच-सहा बदके पाळावीत असे ज्यांच्या मनात आहे, त्यांची पहिली शंका ठरलेली असते. बदके उडून गेली तर? शंका रास्त आहे. परंतु तिचे खरे उत्तर कात्रीत नसून जातीच्या निवडीत आहे. सेनगाव तालुक्यातील सोयाबीन, हळद आणि शेततळी लक्षात घेऊन या लेखात आवश्यक ती माहिती दिली आहे.

उडणे का रोखावे?

पहिले कारण पिकाचे. बदक किडे, गोगलगायी आणि तणाचे बी खाते हे खरे. पण जुलैमध्ये नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनमध्ये शिरले, तर कोवळी रोपे तुडवते आणि खुडते. हळदीच्या ओल्या वाफ्यात ते चोचीने चिखल उकरते. अशी बदके शेजाऱ्याच्या रानात उतरली, की बांधावरचे भांडण ठरलेलेच. शिवाय तेथे नुकतीच फवारणी झालेली असल्यास विषबाधेचा धोका वेगळाच.

दुसरे कारण रोगाचे. तालुक्यालगत पूर्णा नदीवर येलदरीचा जलाशय आहे. हिवाळ्यात अशा पाणवठ्यांवर रानबदके उतरतात. पाळीव बदके त्यांच्यात मिसळली तर बर्ड फ्लूचे विषाणू घरापर्यंत येऊ शकतात. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी कोंबड्यांत हा रोग आढळला होता, हे आपण जाणतोच. बदकाच्या अंगी हा विषाणू काही वेळा कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. म्हणून बदके आणि कोंबड्या एका खुराड्यात कोंडू नयेत.

कोणती जात उडते, कोणती नाही?

मस्कोव्ही सोडल्यास सर्व पाळीव बदकांचा मूळ पूर्वज मॅलार्ड हे रानबदक होय. पाळीव जातींचे वजन वाढत गेले, पंख मात्र त्या मानाने वाढले नाहीत. म्हणून जात जितकी जड, तितके उडणे कमी.

खाकी कॅम्पबेल : अंड्यांसाठी सर्वांत उपयुक्त जात. वजन सुमारे २ ते २.४ किलो. चांगल्या व्यवस्थापनात मादी वर्षाला २८० ते ३०० अंडी देते. दचकल्यास थोडी उसळी मारते, पण उडून जात नाही. अडीच ते तीन फूट उंचीची जाळी पुरते. ही मादी सहसा खुडूक बसत नाही; त्यामुळे पिल्ले काढण्यासाठी खुडूक कोंबडी किंवा उबवणी यंत्र लागते. अंडी २८ दिवसांत उबतात.

इंडियन रनर : उभ्या अंगाचे, धावणारे बदक. किडे वेचण्यात पटाईत, उडण्यात कच्चे. स्वभाव मात्र भित्रा असल्याने कळपाला कुत्र्यापासून जपावे.

व्हाइट पेकिन : पांढरे, जड, मांसासाठीचे बदक. दोन फुटांचे कुंपणही त्यास पुरते.

मस्कोव्ही : तोंडावर लाल गाठी आणि पायाला तीक्ष्ण नख्या ही ओळख. मादी सहज उडून झाडावर किंवा पत्र्यावर बसते. अंडी उबण्यास ३५ दिवस लागतात. पंख छाटण्याची तयारी असेल तरच ही जात घ्यावी.

गावोगाव फिरणाऱ्या विक्रेत्याकडून हलक्या अंगाची मिश्र बदके घेतल्यास ती उडण्याची शक्यता गृहीत धरावी. रानबदकांची पिल्ले पकडून पाळणे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

घरापुरते पाळावयाचे असल्यास आमची शिफारस खाकी कॅम्पबेलची. पाच माद्यांमागे एक नर पुरेसा होतो. केवळ खाण्यासाठी अंडी हवी असल्यास नराचीही गरज नाही.

पंख छाटण्याची पद्धत

छाटणी फक्त उडणाऱ्या बदकाचीच आणि एकाच पंखाची करावी. एक बाजू तोकडी झाली की तोल जातो व उड्डाण साधत नाही. दोन्ही पंख सारखे छाटल्यास तोल टिकतो आणि हलके बदक वाऱ्याच्या जोरावर कुंपण ओलांडू शकते.

१) पिसांची वाढ पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण चार महिन्यांच्या वयानंतर छाटणी करावी.

२) बदकास पायांना धरून उचलू नये, पाय नाजूक असतात. दोन्ही हातांनी पंखांसह अंग धरावे. काम दोघांनी करावे.

३) एक पंख पसरवून टोकाकडील दहा लांब पिसे पाहावीत. देठ पांढरट व कोरडा असल्यास पीस पक्व समजावे. देठ निळसर, मऊ असल्यास त्यात रक्त असते. असे पीस कापू नये.

४) पंखावर कौलांसारखी बसलेली लहान पिसे असतात. त्यांच्या ओळीपासून एक इंच सोडून धारदार कात्रीने लांब पिसे कापावीत. पक्व पीस कापल्यास नख कापल्याइतकेच. वेदना होत नाही.

५) चुकून रक्त आल्यास स्वच्छ कापसाने दाबून धरावे. न थांबल्यास पशुवैद्यकास दाखवावे.

वर्षातून एकदा बदक जुनी पिसे टाकते आणि नवी येतात. तेव्हा छाटणीचा परिणाम संपतो. नवी पिसे पक्व झाल्यावर पुन्हा छाटावे. पंखाचा सांधाच कापून टाकण्याचा प्रकार मात्र घरी कदापि करू नये. तो अवयव कायमचा जातो आणि जनावरास यातना होतात.

निवारा आणि पाणी

पंख छाटलेले बदक कुत्र्या-मांजरापासून उडून सुटू शकत नाही. म्हणून रात्रीचा निवारा भक्कम हवा. प्रत्येकी ३ ते ४ चौरस फूट जागा ठेवावी. बदके बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत देतात. त्यानंतर सोडल्यास अंडी रानात हरवत नाहीत आणि संध्याकाळी दाण्याच्या ओढीने बदके आपणहून परततात. ही सवय कोणत्याही कुंपणाइतकी उपयोगी आहे.

पोहण्यासाठी तळे असलेच पाहिजे असे नाही. डोळ्यांपर्यंत डोके बुडेल इतके, पाच-सहा इंच खोल पाणी पुरते. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बदके सोडू नयेत. निसरड्या काठावरून त्यांना बाहेर येता येत नाही आणि दमून ती बुडतात. नख्यांनी कागदही फाटतो. सोडायचीच झाल्यास खडबडीत फळीचा उतार लावावा.

बुरशी लागलेला मका किंवा भुईमूग पेंड बदकास कधीही देऊ नये. त्यातील अफ्लाटॉक्सिन हे विष बदकास कोंबडीपेक्षा लवकर मारते. कच्चे सोयाबीनही देऊ नये, भाजून किंवा पेंडीच्या रूपात द्यावे.

थोडक्यात, योग्य जात, तीन फूट जाळी आणि संध्याकाळचा मूठभर दाणा एवढे जमले, तर कात्रीची गरज क्वचितच पडेल.