उष्णतेला बटण लावता येईल का?

बटण दाबले की विजेचा प्रवाह थांबतो. उष्णतेचे तसे नाही. एखाद्या विद्युत् घटाची ऊब थंडीत राखावी आणि तो तापला की तीच उष्णता बाहेर सोडावी, असे आपल्याला वाटते. पण भोवतालच्या आवरणाची उष्णतावाहकता ठरलेली असते. ती हवी तेव्हा बदलता येईल काय?

१८४७ साली सेनार्मों या फ्रेंच शास्त्रज्ञाने स्फटिकांच्या चकत्यांवर मेणाचा पातळ थर देऊन त्यांना मध्यभागी तापवले. काचेवर असे केल्यास मेण वर्तुळाकार वितळते. क्वार्ट्‌झच्या अक्षाला समांतर कापलेल्या चकतीवर ते लंबवर्तुळाकार वितळते. म्हणजे तेथे उष्णता एका दिशेने अधिक सुलभतेने वाहते. मात्र घन स्फटिकातील ही दिशा वळवता येत नाही.

द्रव स्फटिकात ती वळवता येते. १८८८ साली रायनिट्झर या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञाला आढळले की, कोलेस्टेरिल बेंझोएट १४५.५° से. ला वितळून गढूळ द्रव होतो आणि १७८.५° से. ला स्वच्छ होतो. तो गढूळ द्रव म्हणजे द्रव स्फटिक. नेहमीच्या द्रव स्फटिकांचे रेणू काडीसारखे लांबट असतात. ते वाहतात, पण आगपेटीतील काड्यांप्रमाणे एकाच दिशेला तोंड करून. रेणूच्या लांबीच्या दिशेने अणू बळकट बंधांनी जोडलेले असतात, म्हणून कंपने त्या दिशेने सहज पुढे जातात. शेजारच्या रेणूंमधील आकर्षण दुर्बळ असते. त्यामुळे लांबीच्या दिशेची वाहकता आडव्या दिशेच्या सुमारे दुप्पट भरते.

आता बहुवारिकाच्या, म्हणजे पॉलिमरच्या, पातळ पापुद्र्यात द्रव स्फटिकाचे सूक्ष्म थेंब अडकवले आहेत, असे समजा. प्रत्येक थेंबातील रेणूंची दिशा वेगळी. आडवी वाहकता १ व लांबीची २ मानल्यास तीन दिशांची ढोबळ सरासरी (२ + १ + १) ÷ ३ = १.३३ येते. पापुद्र्याच्या दोन्ही बाजूंना विद्युत् दाब दिला की रेणू क्षेत्राच्या दिशेने वळतात आणि थेंबांची वाहकता २ होते. दाब काढला की थेंबाच्या कडा रेणूंना पूर्वस्थितीत आणतात. येथे वीज उष्णता वाहून नेत नाही. ती फक्त वाट सरळ करते.

बहुवारिकाची स्वतःची वाहकता मात्र बदलत नाही. म्हणून संपूर्ण पापुद्र्यातील फरक याहून कमी पडतो आणि उष्णता पूर्णपणे कधीच थांबत नाही. याला बटण म्हणण्यापेक्षा नळाची तोटी म्हणणे अधिक योग्य!

काही द्रव स्फटिकांचे रेणू क्षेत्राशी काटकोन करून वळतात. त्यांच्या बाबतीत दाब दिल्यावर वाहकता वाढेल की घटेल? वरील आकड्यांवरून तुम्हीच काढून पाहा.