जोडधंद्याचा परवाना : विलंबाचा खर्च व त्यावरील उपाय

धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्याची शेती मुख्यतः पावसावर अवलंबून आहे. सोयाबीन, तूर व हरभरा ही तेथील महत्त्वाची पिके होत. पावसाने दगा दिला तरी घर चालावे, म्हणून लहान शेतकरी खव्याची भट्टी, डाळीची गिरणी किंवा तेलाचा घाणा काढण्याचा विचार करतो. अशा वेळी यंत्रांचा व भांडवलाचा हिशेब तो बारकाईने करतो. परंतु परवान्याच्या विलंबापायी होणारा खर्च मात्र सहसा मांडला जात नाही.

विलंबाचा हिशेब

समजा, यंत्रासाठी २ लाख रुपये कर्ज द. सा. द. शे. १२ दराने घेतले व कागदपत्रांअभावी धंदा तीन महिने बंद राहिला. महिन्यास २,००० प्रमाणे ६,००० रुपये व्याज चढते. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच फेऱ्या झाल्या आणि प्रत्येक फेरीस बुडालेली मजुरी व प्रवास मिळून ७०० रुपये धरले, तर आणखी ३,५०० रुपये जातात. एकूण ९,५०० रुपयांचा हा भार उत्पादन सुरू होण्यापूर्वीच अंगावर पडतो. मोठा कारखानदार कागदपत्रांसाठी कारकून ठेवतो. लहान धंदेवाइकास स्वतःचे काम सोडून जावे लागते. म्हणून तोच विलंब त्यास अधिक महाग पडतो.

कायद्याने घातलेली मुदत

खाद्यपदार्थ शुद्ध मिळावेत यासाठी नोंदणी आवश्यक आहे. ती टाळणे हिताचे नाही. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील २०११ च्या विनियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान उत्पादकास परवान्याऐवजी केवळ नोंदणी पुरेशी ठरविली व तिचे शुल्क वर्षास १०० रुपये ठेविले. अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत नोंदणी द्यावी, कारणे लेखी नोंदवून ती नाकारावी, अथवा तपासणीची सूचना द्यावी, आणि तपासणी ठरल्यास ३० दिवसांत निर्णय व्हावा, असा नियम त्यांत आहे. या मुदतीत काहीच न कळविल्यास उत्पादकास धंदा सुरू करण्याची मुभा दिली गेली. मात्र पुढे सुचविलेल्या सुधारणा करणे त्यास बंधनकारक राहते. चालू मर्यादा व शुल्क अर्जापूर्वी कार्यालयात विचारून घ्यावे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवांची मुदत, शुल्क व अधिकाऱ्याचे पद कार्यालयातील फलकावर लावणे आवश्यक आहे. मुदत टळल्यास किंवा अर्ज फेटाळल्यास ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील व शेवटी राज्य सेवा हक्क आयोगाकडे अपील असा क्रम आहे. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये शास्ती होऊ शकते.

अर्जदाराने घ्यावयाची दक्षता

१. आवश्यक कागदांची यादी आधी मिळवावी. अपुऱ्या अर्जाची मुदत मोजली जाईल असे समजू नये.

२. अर्जाची दिनांकित पोच व क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. पोच नसेल, तर विलंब सिद्ध करता येत नाही.

३. त्रुटी किंवा नकार तोंडी सांगितल्यास तो लेखी मागावा.

४. शक्य असेल तेथे नोंदणी झाल्यावरच कर्जाची रक्कम उचलावी, व्याज वाचते.

५. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी विनामूल्य आहे. तिच्यासाठी मध्यस्थास पैसे देण्याचे कारण नाही. मात्र ती अन्न नोंदणीची जागा घेऊ शकत नाही.

पेरणीची तारीख जशी वहीत टिपली जाते, तशीच अर्जाची तारीख व मुदतीचा शेवटचा दिवस टिपून ठेवावा. मुदत टळताच केलेले लेखी अपील हे दहा फेऱ्यांपेक्षा स्वस्त व अधिक परिणामकारक असते.