खटका का पडतो?
(इयत्ता ६ वी ते ८ वीच्या शिक्षकांसाठी सामान्य विज्ञानाचा व्यवहारोपयोगी पाठ)



गतवर्षी एका शाळेच्या भेटीस गेलो असता दुपारचा चहा तेथील गुरुजींच्या घरी झाला. मागील पडवीत वॉशिंग मशीन होते. गुरुजी समाधानाने म्हणाले, "साहेब, या यंत्राने महिनाभर पिच्छा पुरविला होता. चालू केले की घरभर वीज जायची. अखेर ओळखीच्या एकाने प्लगची जाड पिन काढून टाकली. तेव्हापासून एकदाही खटका पडला नाही." आतून त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "खटका पडत नाही खरा. पण हात लावला की मुंग्या येतात."

मी चहा बाजूला ठेवला व प्रथम भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावयास सांगितले. बाईंच्या पायांत चपला होत्या, म्हणून केवळ मुंग्यांवर निभावले होते. गुरुजी स्वतः विज्ञान शिकवितात. विद्युत्मंडलाची आकृती ते फळ्यावर उत्तम काढतात. परंतु ती आकृती घरच्या भिंतीवरील पेटीपर्यंत पोहोचली नव्हती. ती तेथवर पोहोचावी, हा या पाठाचा हेतू.

खटके दोन, कामे दोन

पेटीत साधारणतः दोन प्रकारचे खटके असतात. पहिला एम.सी.बी. तारेतून मर्यादेपेक्षा अधिक प्रवाह वाहू लागला, किंवा फेज व न्यूट्रल एकमेकांस भिडले, म्हणजे तो पडतो. दुसरा आर.सी.सी.बी. त्यावर 'टी' अक्षराचे छोटे बटण असते. प्रवाहाची गळती झाली म्हणजे हा पडतो.

गळती समजाविण्यास सहलीचे उदाहरण द्यावे. शाळेतून ४० मुले सहलीस निघाली. परतताना गुरुजींनी मोजली तो ३९ भरली. गुरुजी तेथेच सर्वांना थांबवितात. आर.सी.सी.बी. हीच मोजदाद अखंड करीत असतो. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला पाहिजे. घरगुती खटक्यात सामान्यतः ३० मिलिअँपिअरची तूट दिसताच तो क्षणार्धात वीज तोडतो. त्याहून मोठा प्रवाह शरीरातून काही काळ वाहिला, तर हृदयाचे कार्य बिघडून मृत्यू येऊ शकतो.

शोधाचा क्रम

१. प्रथम कोणता खटका पडला ते पाहावे. एम.सी.बी. काही वेळाने पडत असेल, तर भाराचा हिशेब करावा. पाणी तापविणाऱ्या यंत्राचा भार २००० वॅट व त्याच वेळी त्याच मंडलावर १००० वॅटची इस्त्री असेल, तर एकूण ३००० वॅट. यास २३० व्होल्टने भागता सुमारे १३ अँपिअर येतात. हा प्रवाह १० अँपिअरच्या खटक्याच्या मर्यादेपेक्षा अधिक आहे, म्हणून तो काही वेळाने पडू शकतो. एम.सी.बी. तत्क्षणी पडत असेल, तर तारा भिडल्याचा संशय घ्यावा.

२. आर.सी.सी.बी. पडला असेल, तर यंत्राचा प्लग पूर्ण बाहेर काढावा. बटण बंद करणे पुरेसे नाही. ते फेज तोडते, न्यूट्रल मात्र जोडलेलाच राहतो. आता खटका वर करावा. तरीही तो टिकला नाही, तर दोष घरातील तारांत किंवा अन्य उपकरणात आहे. मग इतर प्लगही एकेक काढून पाहावेत.

३. खटका टिकला, तर त्याच सॉकेटमध्ये तीन पिनांचे दुसरे निर्दोष उपकरण लावावे. ते नीट चालले, तर दोष यंत्रात आहे.

४. यंत्र नेमके कोणत्या क्षणी वीज घालविते, हे दुरून पाहावे. प्लग लावताच खटका पडत असेल, तर यंत्राची वायर किंवा आतील प्राथमिक जोडणी. पाणी भरताना पडत असेल, तर पाण्याचा व्हॉल्व्ह. पाणी तापताना पडत असेल, तर हीटर. पाणी सोडताना पडत असेल, तर पंप. आणि ड्रम फिरताना पडत असेल, तर मोटर, असा संशय धरावा. तिसरी पिन व घराचे अर्थिंग शाबूत असल्याची खात्री वायरमनकडून झाल्याखेरीज हे निरीक्षण मुळीच करू नये.

५. येथे आपले काम संपते. यंत्र उघडणे हे जाणकार कारागिराचे काम. आपले निरीक्षण कागदावर लिहून त्याच्या हाती द्यावे.

गुरुजींच्या घरी परवानाधारक वायरमनने नवा प्लग बसविला व अर्थिंग तपासले. मग थंड पाण्याची धुलाई निर्वेध पार पडली. गरम पाण्याचा क्रम लावताच खटका पडला. हीटर फुटला होता. तो बदलला आणि तक्रार मिटली.

जाड पिनेचे महत्त्व

तिसरी पिन इतर दोहोंपेक्षा जाड व लांब का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. लांब असल्यामुळे ती प्रथम जोडली जाते व सर्वांत शेवटी सुटते; जाड असल्यामुळे चुकीच्या छिद्रात शिरत नाही. यंत्राच्या धातूच्या अंगावर आलेला प्रवाह तिच्या वाटे जमिनीत जातो. ती काढली असता गळती थांबत नाही, तिची वाट तेवढी बंद होते. आणि मग ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूसच ती वाट होतो. म्हणून पिन काढणे, खटका वगळून तारा थेट जोडणे व फ्यूजमध्ये जाड तार घालणे, या तिन्ही गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात.

'टी' बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. खटका पडला नाही, तर तो निकामी समजून बदलून घ्यावा. परंतु या बटणाने केवळ खटक्याची परीक्षा होते, अर्थिंगची नव्हे. अर्थिंग वायरमनकडून स्वतंत्रपणे तपासून घ्यावे.

स्वाध्याय

१. घरातील कोणत्या उपकरणांच्या प्लगला तीन पिना आहेत व कोणत्यांना दोन, याची यादी पालकांच्या मदतीने करा. कशासही हात लावू नये.
२. २३० व्होल्टवर १५०० वॅटचे उपकरण किती अँपिअर प्रवाह घेईल?
३. पेटीतील खटक्यांचे चित्र काढून प्रत्येकाचे काम लिहा.

पहिल्या स्वाध्यायाच्या वह्या शिक्षकांनी स्वतः काळजीपूर्वक पाहाव्यात. एखाद्या मुलाने 'आमच्या प्लगची जाड पिन नाही' असे लिहिले असेल, तर त्याच दिवशी त्याच्या घरी जावे. त्या दिवशी इतर काम थोडे मागे राहिले तरी चालेल.